एकांगी विडी

माणूस एकांगी बोलला तर कुणी मनावर घेत नाही. पण विडी एकांगी जळली, की आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) चर्चासत्र भरतं. पूर्वी ते नागपूर-अमरावती रस्त्यावर, यष्टीची वाट पाहत भरे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली आणि ते आमच्या मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ओट्यावर आलं.

"पान ओलं हाये," एक म्हणतो. "शीर जाड हाये," दुसरा. तिसरा विडी वळणारीच्या हातावरच घसरतो : तंबाखू एका अंगाला ठासली, दुसरं अंग पोकळ!

निकाल मामाजींचा. पावसाळ्यात बंडल चुलीशेजारी ठेवावं. विडी काडीवर फिरवत चहूकडून पेटवावी. मागे राहिलेली बाजू खाली धरावी, कारण आग वर चढते. पुढे धावणाऱ्या बाजूला ओलं बोट लावावं. आणि झुरके सावकाश : "काहून एवढी घाई करतं बाप्पा? विडी हाये, यष्टी नाही!"

गेल्या हिवाळ्यात मामाजींचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला.

"कोणत्या अंगाला हाये?" मामाजींनी जाणकारपणे विचारलं.

"दोन्ही."

बाहेर विडी कशीही जळो, आत तिचा न्याय समान असतो.

आता मामाजी विडी हातात घेतात, फिरवून पाहतात, "वळण चांगलं हाये," म्हणतात आणि न पेटवता कानावर ठेवतात. मामीजी लांबूनच काडेपेटी मोजतात.