उंबरठ्याची ओळख

कुत्र्याचे पिलू जन्मते तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. साधारण दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात, त्यामागून कान. तोवर त्याची सारी स्वच्छता आई जिभेने करते. पुढे पाय जरा स्थिर झाले, की तेच पिलू निजण्याची जागा सोडून चार पावले दूर जाते व तेथे आपला विधी उरकते. आपले अंथरूण मलिन करू नये, एवढे ज्ञान ते उपजतच घेऊन येते. मात्र त्याच्या लेखी घर म्हणजे ते अंथरूण! माजघर, देवघर, ओसरी हीदेखील घराचीच हद्द आहे, हे त्या बिचाऱ्याला कसे ठाऊक असणार?

जुन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरी असे एक पिलू आले. शेतात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. मुक्काम हलवताना धनगराने दोन महिन्यांचे ते काळे पिलू घरातील मुलाच्या हाती दिले. पहिल्याच दिवशी पिलाने तीन वेळा घर घाण केले. तिसऱ्या वेळी मुलाने त्याला काठीने मारले. त्यानंतर दोन दिवस जमीन कोरडी राहिली. मुलाला आपल्या शिस्तीचा मोठा अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी धान्याच्या कणगीमागून दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. पिलाने धडा घेतला होता, परंतु तो निराळाच होता. घरात घाण करू नये, असे नव्हे. माणसाच्या देखत करू नये, एवढेच ते शिकले होते. माराने शिकवलेल्या पुष्कळशा धड्यांची गत अशीच होते.

मग आजीने सूत्रे हाती घेतली. एवढ्या पिलाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे आवरता येत नाही, हे ती जाणून होती. पिलू झोपून उठले, खाऊन झाले किंवा खेळून दमले, की ती नातवाला हाक मारी. जमीन हुंगत ते गोल फिरू लागले, तर मग क्षणाचाही विलंब चालत नसे. मुलगा त्याला उचलून नेहमी एकाच शेवग्याखाली नेई व काम होताच तेथल्या तेथे भाकरीचा तुकडा देई. तुकडा घरात आल्यावर दिला, तर तो कशाबद्दल मिळाला हे पिलाला उमगत नाही. घरातील डागाची जागा साबणाने घासून काढावी लागे, कारण तेथे वास उरला, तर तो वासच पिलाला पुन्हा बोलावतो. मुलाने ओसरीच्या भिंतीवर कोळशाने हिशेब मांडला: चुकले त्या दिवशी फुली, साधले त्या दिवशी रेघ.

अंगणात निराळी काळजी होती. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून तेथे काट्यांचे कुंपण घातले. बिट्टीची विषारी फळे झाडून काढली. पिलू सावलीसाठी ट्रॅक्टरखाली निजे. तेव्हा चाक हलवण्यापूर्वी खाली वाकून पाहण्याचा नियम झाला. पशुवैद्यांनी पहिली लस टोचली आणि लसी पूर्ण होईपर्यंत पिलाला गावच्या कुत्र्यांत सोडू नये, असे बजावले. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणारा पार्व्हो हा रोग कोवळ्या पिलांचा काळ असतो. तीन महिने झाल्यावर रेबीजची लस टोचायची होती.

दिवस असे निभावले. खरे कोडे होते रात्रीचे. धरणांच्या कालव्यांचे पाणी आले तसा जुन्नर भागात ऊस वाढला आणि दाट उसात बिबटे राहू लागले, तेथेच वितू लागले. कुत्रा हे त्यांचे आवडते भक्ष्य. बिबट्या मान धरतो, म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. पण दोन महिन्यांच्या पिलाला तो पट्टा कसा पेलणार? त्याला रात्री बाहेर बांधणे म्हणजे बिबट्याला आमंत्रणच. आणि बाहेर न्यावे तर लागणार! तेव्हा आजीने तोड काढली. निजण्यापूर्वीची फेरी वडिलांनी दिवा व काठी घेऊन पिलाबरोबर करायची. दाराच्या आत एक गोणपाट अंथरून ठेवायचे.

एके रात्री पिलू दारापाशी येऊन कुंकू करू लागले. दार दाखवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. मुलाने आनंदाने वडिलांना उठवले. वडिलांनी दार किलकिले करून दिव्याचा झोत टाकला. उसाचा शेंडाही हलत नव्हता. पण पिलू उंबरठ्यावरच थबकले. त्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले. वडिलांनी तत्काळ दार लोटून कडी घातली. पिलू थरथरत होते. त्याने गोणपाटावरच उरकले. कोणी काही बोलले नाही. मुलाने गोणपाट गुंडाळून बाजूला ठेवले व पिलाला कुशीत घेऊन तो बसून राहिला.

सकाळी शेवग्याजवळच्या ओल्या मातीत ठसे दिसले. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. या ठशांत त्या नव्हत्या. बिबट्या नखे आत ओढून चालतो. वडिलांनी वनखात्याला निरोप धाडला.

आजी ओसरीवर येऊन भिंतीवरचा हिशेब पाहू लागली. आदल्या रात्रीच्या जागी मुलाने रेघ ओढली होती.