इंजिनाची नाडी

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील एक जुने व्यापारी गाव. भगवंताच्या मंदिरामुळे भाविकांना, भुसार बाजारामुळे शेतकऱ्यांना आणि कर्करोगाच्या रुग्णालयामुळे दूरदूरच्या रोग्यांना ते परिचयाचे झाले आहे. ग्रामीण भागातील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम आपल्या देशात प्रथम १९८७ साली याच भागात सुरू झाले. रोग वेळेवर आणि नेमका ओळखला, तर अर्धी लढाई जिंकल्यासारखीच, हे बार्शीच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

याच गावात, मोठ्या रस्त्याच्या कडेला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, निराळ्या प्रकारची निदाने होत असतात. तेथील वृद्ध मिस्त्री मोटारी दुरुस्त करतात. त्यांचे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शीपर्यंत आणलेली ती छोटी रेल्वे आता राहिली नाही; अडीच फुटी रुळांच्या जागी आता ब्रॉडगेज आली आहे. परंतु आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट नातवाच्या मनात घर करून राहिली. गाडी उभी राहिली की कामगार हातोडीने एकेक चाक वाजवून पाहत. निकोप चाक घंटेसारखे खणखणे. तडा गेलेले चाक बद्द वाजे. लोखंडही बोलते, ऐकणारा कान मात्र हवा, असे आजोबा म्हणत.

एके दिवशी दुपारी या शेडपुढे एक जुनी मारुती व्हॅन येऊन उभी राहिली. ही गाडी आपल्याकडे १९८४ साली प्रथम रस्त्यावर आली आणि पुढे 'ओम्नी' या नावाने खेडोपाडी पोहोचली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पण जुन्या गाड्या अजूनही इमानाने राबताना दिसतात. या व्हॅनचा मालक वैराग भागातील रोग्यांना बार्शीच्या दवाखान्यांत नेण्या-आणण्याचे काम करी. त्यावरच त्याचा संसार चालत असे.

"मिस्त्री, सकाळी गाडी नुसती थरथरते," तो काकुळतीने म्हणाला. "परवा वाटेत दोनदा बंद पडली. आत एक आजी होत्या. त्यांना रोज किरणोपचारासाठी न्यावे लागते. उशीर झाला, तेव्हा बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पण मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले. एकाने सांगितले, हेड उघडावे लागेल. एवढे पैसे मी कोठून आणू? गाडी विकावी, असे मनात येते."

मिस्त्रींनी पुढचे आसन उचलले. या व्हॅनचे इंजिन आसनाखालीच असते. त्यांनी तिन्ही प्लग काढले, ते जुने झाले आहेत असे ठरविले आणि नवे बसविले. इंजिन चालू केले तेव्हा ते एका लयीत फिरू लागले. मालक आनंदाने पैसे देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. सकाळी गाडी पूर्वीसारखीच थरथरली होती.

मिस्त्री क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही काल दुपारी आलात, तेव्हा इंजिन तापलेले होते. दुखणे सकाळचे आणि मी तपासले दुपारी. आज गाडी येथेच राहू द्या. पहाटे पाचला या. तोवर किल्लीला कोणी हात लावायचा नाही."

"पण आठपर्यंत मला आजींच्या दारात उभे राहायला हवे," मालक म्हणाला.

"म्हणूनच पाचला या," मिस्त्री म्हणाले.

पहाटे शेडमध्ये तिघे जमले : मिस्त्री, मालक आणि काम शिकणारा एक पोरगा. गार इंजिन चालू होताच सारी व्हॅन थरथरू लागली. या इंजिनाला तीन सिलेंडर असतात. मिस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीने पहिल्या प्लगची वायर अलगद उचलली. इंजिन बंद पडू लागले. ती बसवून तिसरी उचलली. तेव्हाही तसेच झाले. मधली उचलली, तेव्हा मात्र आवाजात काहीच फरक पडला नाही.

"काय समजलास?" त्यांनी पोराला विचारले.

"वस्ताद, मधला सिलेंडर कामच करीत नाही. जो राबत होता, त्याला थांबविल्यावर फरक पडला. मधला आधीच बसून होता."

"शाबास! पण का बसून आहे? त्याला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, पुरेसा दाब आणि योग्य मिश्रण. एकेक पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही."

त्यांनी मधला प्लग शेजारच्या सिलेंडरला लावला आणि शेजारचा मध्ये बसविला. दोष जागचा हलला नाही. म्हणजे प्लग निर्दोष होता. वायरच्या टोकाशी निळी ठिणगी लख्ख पडत होती. मग दाब मोजण्याचे घड्याळ लावले. तिन्ही सिलेंडरचा दाब जवळजवळ सारखाच भरला.

"मालक, हेड उघडण्याचे कारण नाही," मिस्त्री म्हणाले. मालकाने डोळे मिटून हात जोडले.

आता उरले मिश्रण. पेट्रोलचा एक भाग असेल, तर वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. हवा फार वाढली की मिश्रण पातळ होते आणि नीट पेट घेत नाही. पण कार्बुरेटर तर तिन्ही सिलेंडरना एकच. खोट त्याच्यात असती, तर तिघेही आजारी पडले असते. म्हणजे कार्बुरेटरपासून मधल्या सिलेंडरपर्यंतच्या वाटेत कोठेतरी चोरवाट असली पाहिजे.

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा चालू केले आणि तेलाच्या बुधलीने मॅनिफोल्डच्या सांध्यावर थेंब थेंब तेल सोडीत गेले. मधल्या सिलेंडरजवळ थेंब पडताच थरथर थांबली. चारदोन क्षण इंजिन सुरळीत फिरले आणि पुन्हा थरथरू लागले. तेलाने क्षणभर फट बुजविली होती! सांध्यातील पॅकिंग तेथे फाटले होते आणि तेथून जादा हवा आत शिरत होती. इंजिन तापले की धातू फुगून फट मिटे. म्हणून दुपारी सारे ठीक वाटे. शिवाय मंद गतीत इंजिन थोडीच हवा घेते, तेव्हा एवढीशी गळतीही भारी पडते. वेगात ती जाणवतही नाही.

पोराने खोक्यातून परवाचे जुने प्लग काढले. दोन फिकट तपकिरी होते; एक राखेसारखा पांढरा होता. मिश्रण पातळ झाले की प्लग असाच पांढरा पडतो.

"हा मधल्या सिलेंडरचाच," मिस्त्री हळूच म्हणाले. "परवा तो हेच सांगत होता. मी प्लग पाहिले, वाचले नाहीत."

ऑस्ट्रियातील डॉक्टर आउएनब्रुगर हा एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात किती दारू उरली आहे, हे वरून टिचकी मारून कळते, हे त्याने लहानपणी पाहिले होते. पुढे छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली जगापुढे मांडली. १८१६ साली फ्रान्समधील लेनेक याने कागदाची सुरळी करून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. पिंपाचे ज्ञान माणसाच्या कामी आले. खरोखर, वैद्याची विद्या आणि कारागिराची विद्या या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही आत काय चालले आहे, ते न फोडता ओळखायचे असते. आणि ओळखण्याआधी कापायला घेणे दोघींनाही शोभत नाही.

नवे पॅकिंग बसवून झाले, तेव्हा सात वाजत आले होते. मिस्त्रींनी जुने प्लग पुसून पुन्हा जागी लावले आणि नव्या प्लगचे व परवाच्या मजुरीचे पैसे मालकापुढे धरले.

"अहो मिस्त्री, राहू द्या. चूक कोणाची होत नाही?" मालक संकोचाने म्हणाला.

"चूक होते, पण तिची मजुरी घ्यायची नसते," मिस्त्री म्हणाले. "आजच्या कामाचे तेवढे द्या. आणि निघा आता. आजी वाट पाहत असतील."

व्हॅन धुरळा उडवीत वैरागच्या रस्त्याला लागली. पोरगा हत्यारे पुसू लागला. आवाज चांगला लागला होता. तरी मिस्त्रींच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. इंजिन आता तापले होते आणि तापलेल्या इंजिनाने त्यांना एकदा फसविले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेड उघडण्यापूर्वीच ती व्हॅन दारात येऊन थांबली. मालकाने रात्री गाडी गावातच ठेवली होती आणि ती उताराने नुसती ढकलीत आणली होती. मिस्त्री येताच त्याने काही न बोलता किल्ली फिरविली. गार इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झाले आणि एका लयीत फिरू लागले. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावले, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग पेचकस पोराच्या हाती देऊन ते म्हणाले, "आता तू ऐक."