पेंडीची वाट

लातूरच्या मोंढ्यातील त्या वृद्ध आडत्याच्या घरी कंदमूळही वर्ज्य. आयुष्य सोयाबीनच्या सौद्यांत गेले. त्याचे तेल स्वयंपाकघरात येई, पेंड कोंबडीखाद्याकडे जाई. नांदेडला वैद्यकीचे शिक्षण घेणारी नात चातुर्मासात घरी आली, तेव्हा तिने त्या पेंडीची पुढची वाट सांगितली.

कोंबड्यांनी लवकर वजन धरावे म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळले जाई. हे अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलेले, जवळजवळ अखेरचे औषध. अल्प मात्रेत दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. ते मांसावर, विष्ठेच्या खतात, तेथून शेतात व पाण्यात पोहोचतात. हा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये उजेडात आणले. भारतात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये. उशिरा, पण आली.

“म्हणजे आपले पथ्य आपल्याला वाचवीत नाही?”

“दवाखान्यात तरी नाही, आजोबा.”

आजोबांच्या मनात मात्र वेगळेच घोळत होते. कृत हिंसा हातून घडली नव्हती. कारित आणि अनुमोदित यांचे काय? प्रतिक्रमण आटोपल्यावर त्यांनी तेल कारखानदाराला फोन लावला आणि आपल्या मालाची पेंड कोणाकडे जाते, तेथे खाद्यात काय काय मिसळतात, ते विचारले.