लाखेची मोहोर

आमच्याकडं पंच दोन प्रकारचे. एक जत्रेचा हिशेब ठेवणारा आणि दुसरा पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारा. पहिल्या कामाला माणसं भांडून पुढं येतात. दुसऱ्या कामाचं बोलावणं आलं की मागच्या दारानं रान गाठतात. मी दहावी शिकलेला, वाचून सही करणारा, म्हणून पोलीस पाटलांनी माझंच नाव दिलं. "नाना, तुम्हीच या. दुसरं कोण उभं राहत न्हाई," म्हणाले. गेलो.

खुनाचं प्रकरण होतं. बांधाची कुरापत, दोन पिढ्यांची. मेला तो आमच्या आळीतला, धरला तो त्याचाच चुलतभाऊ. दोन्ही घरं अजून गावात नांदतायत, म्हणून नावं सांगत नाही. जिथं प्रेत पडलं होतं तिथली रक्त लागलेली माती एका पिशवीत भरली, आणि चार पावलांवरची कोरी माती दुसऱ्या पिशवीत. ताडून बघायला दोन्ही लागतात, असं जमादारांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी आरोपीनं उसाच्या सरीतनं कोयता काढून दिला. त्याचाही पंचनामा झाला. कोयता वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळला, सुतळी बांधली आणि गाडीत ठेवला. कागद वाचून मी सही केली.

पुढं चार वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. तोवर तो पोरगा आतच होता. प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, तो आला होता : कोयत्यावर माणसाचं रक्त, गट 'ओ'. मयताचा गटही 'ओ'. गावाला वाटलं, झालं, आता सुटत नाही. पण आपल्याकडं 'ओ' आणि 'बी' गटाचीच माणसं सगळ्यात जास्त. पारावर बसलेल्या दहा जणांत तीन-चार सहज निघतील. आरोपीचा स्वतःचा गटही 'ओ'च होता, आणि त्याला अटक झाली तेव्हा त्याच्या तळहाताला कापलेलं होतं.

त्याच्या वकिलानं मला फार विचारलं नाही.

"कोयता कशात बांधला?"

"रद्दीत."

"त्यावर तुमच्या सहीची चिठ्ठी लावली?"

"नाही."

"लाखेची मोहोर तुमच्यासमोर केली?"

"माझ्यासमोर नाही केली."

जे बघितलं ते सांगितलं. प्रयोगशाळेत पुडकं पोचलं तेव्हा त्यावर मोहोर होती. मग ती कुठं आणि कधी लागली? मधले सव्वीस दिवस कोयता कुणाच्या ताब्यात होता, याची नोंद कुणाला दाखवता आली नाही. आरोपी सुटला. सरकारी वकिलांनी मला फितूर म्हटलं आणि गावानं त्याहून वाईट. "नानाच्या एका वाक्यानं खुनी सुटला," असं तोंडावर म्हणणारे भेटले.

त्यांना मी माती परीक्षणाचं सांगायचो. झाडाखालची, बांधाकडंची, उकिरड्याजवळची माती नमुन्याला घ्यायची नाही. इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा काढायचा, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत अर्धा किलो राहिली की स्वच्छ कापडी पिशवीत चिठ्ठीसकट भरायची. खताच्या रिकाम्या गोणीत भरली तर अहवालात खतच दिसणार. प्रयोगशाळेतला माणूस खोटं बोलत नाही. पण तो तुमच्या शेताचं सांगत नाही, पिशवीतल्या मातीचं सांगतो.

रक्ताचंही तसंच. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंबला तर आत कुजतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधावा लागतो. मातीतलं रक्त तर मातीतले जंतूच खाऊन टाकतात. मग अहवाल येतो : गट ठरवता येत नाही. दोष यंत्राचा नसतो.

आता डीएनए आलाय, त्यानं सगळं मिटलं असं लोक म्हणतात. डीएनएवरनं माणूस ओळखायची रीत इंग्लंडमध्ये लेस्टर इथं अलेक जेफ्रीज यांनी 1984 साली शोधली. तिथल्याच खेड्यांत दोन मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका पोरानं त्यातला एक कबूल केला होता. डीएनएनं दाखवलं की हा तो नव्हेच, आणि पोरगा वाचला. मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, तरी कुणी सापडेना. का? तर खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क नावाचा बेकरीवाला, त्यानं आपल्या नावावर सोबतच्या कामगाराला रक्त द्यायला पाठवलं होतं! तपासणी चोख, बाटली दुसऱ्याची. तो कामगार दारूच्या गुत्त्यावर बोलून गेला, ते कुणी ऐकलं, आणि पिचफोर्क सापडला. 1988 साली त्याला जन्मठेप झाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात फाशी झालेले तिघे सोडले. डीएनए जुळल्याचा अहवाल होता. पण नमुने जवळजवळ दोन आठवडे पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि त्यांत ढवळाढवळ झालीच नसेल असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाला वाटलं. देश हळहळला. त्या मुलीच्या आईबापांचं दुःख मी काय सांगू? पण ज्या कागदावर माणूस फासावर जाणार, तो कागद लाखेच्या मोहोरेइतकाच भक्कम.

1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं, जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करायचं. तज्ज्ञांच्या बाबतीत राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे. पण गाडी गावात पोचेपर्यंत पाऊस थांबत नाही, आणि गर्दीही मागं सरत नाही. तोवर पंचच उभा असणार. म्हणून गावातल्या पोरांना सांगतो, बोलावलं तर जा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पुडकं बांधून, तुमच्या सहीची चिठ्ठी लागून, मोहोर होईपर्यंत हलू नका. जेवायला उशीर झाला तर होऊ दे.

निकालानंतर महिन्याभरानं मयताची आई घरी आली. मला वाटलं, शिव्या देईल. उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "नाना, तू खोटं बोलला न्हाईस, ठाव हाय मला. पर मग माझ्या लेकाला मारलं कुणी?"

हिनं चहा पुढं केला. म्हातारीनं तो घेतला नाही. सुटलेला पोरगा चार वर्षं आत काढून आला, अजून त्याच्या हातचं पाणी निम्मं गाव पीत नाही. म्हातारी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिला उत्तर द्यायला एक लाखेची कांडी आणि एक काडेपेटी पुरली असती.