आमची शिकवणी

जन्मभर ज्यानें दुसऱ्यांस शिकविलें, त्याच्यावर उतारवयांत स्वतःसाठीं शिकवणी शोधण्याचा प्रसंग आला, म्हणजे त्याची अवस्था दंतवैद्याच्या खुर्चींत बसलेल्या दंतवैद्यासारखी होते. चिमटा कोठें लागणार हें त्यास आधींच ठाऊक असतें, आणि म्हणूनच तो इतर रोग्यांपेक्षां अधिक घाबरतो. आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आलों आहों; मुलांच्या चुका तांबड्या शाईनें अधोरेखित करण्यांत आमच्या आयुष्याचा उत्तम भाग गेला. अशा आम्हांस गेल्या वर्षीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, अंबरनाथच्या आनंदनगरांत बसून कोरियन भाषेचा गुरु शोधावा लागला. स्नेही हंसले. एकानें निवृत्तीनंतरच्या जोडधंद्याचा संशय घेतला. दुसऱ्यानें तिकडील मालिका चोरून पाहण्याचा आरोप केला. खरें कारण याहून साधें होतें, आणि तें सांगतांना आम्हांस अजून थोडी लाज वाटते.

आमची एकुलती कन्या संशोधनासाठीं दक्षिण कोरियांतील तेजॉन शहरीं गेली. तेथील एका सहकाऱ्याशीं तिनें विवाह केला, आणि आतां आमची नात चार वर्षांची आहे. दर रविवारीं ती मोबाईलच्या पडद्यावर आम्हांस दर्शन देते. तिचें मराठी 'आजी', 'आजोबा', 'भात' व 'नको' या चार शब्दांत आटोपतें. उरलेलें सर्व ती कोरियनमध्यें बोलते, आणि आमची कन्या मध्यें बसून दुभाष्याचें काम करते. एका रविवारीं तिकडे दारावरची घंटा वाजली म्हणून कन्या उठून गेली. नात गंभीर चेहऱ्यानें आम्हांस बराच वेळ कांहीं तरी सांगत राहिली, व शेवटीं तिनें एक प्रश्न विचारला. प्रश्न होता एवढें स्वराच्या चढावरून कळलें. आम्हीं प्रेमळ आजोबास शोभेल असें हंसून दोनदां जोरानें मान डोलाविली. तिचा चेहरा एकदम उजळला, आणि आम्हांस धन्य वाटलें. पुढें कन्येकडून कळलें कीं, बालवाडींतला ससा मेला होता, आणि तो परत येईल काय असें तिनें विचारलें होतें. आजोबा 'हो' म्हणाले, म्हणून ती दोन दिवस रिकाम्या पिंजऱ्यापाशीं जाऊन उभी राहिली.

भाषा न येणें म्हणजे केवळ अज्ञान, असें आम्ही त्या दिवसापर्यंत समजत होतों. तें केव्हां केव्हां असत्यभाषणही होतें, हें तेव्हां समजलें.

कोरियन जाणणारांस आज महाराष्ट्रांत मागणी आहे. रांजणगांवास एलजीचा कारखाना आहे, माणगांवाजवळ पोस्कोचा आहे. तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईनें २०२३ सालीं केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही शाळांतून शिकविण्याजोग्या परकीय भाषांत कोरियनचें नांव घातलें आहे. त्यामुळें शिक्षकांची वाण नाहीं. वाण आहे ती आजोबांस उपयोगी पडणाऱ्या शिक्षकाची. आम्हांस भेटलेल्या पहिल्या गृहस्थांनीं तीस दिवसांत अस्खलित बोलतें करण्याची हमी दिली. दुसऱ्याच तासाला ध्यानांत आलें कीं, गुरुजींना ती लिपि येत नव्हती. सारे पाठ ते रोमन अक्षरांवरून वाचीत होते. दुसरे एका कारखान्यांत दुभाषी होते. माणूस मोठा सज्जन आणि भाषा अस्सल. पण ती सारी यंत्रशाळेंतली. सुटे भाग, रात्रपाळी व डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची सूचना यांपलीकडे ती जात नसे. तिसऱ्यांनीं प्रथमच विचारलें, "परीक्षेला केव्हां बसणार?" टोपिक नांवाची एक परीक्षा आहे, तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांच्या प्रश्नपत्रिकेंत ऐकण्याचे तीस व वाचण्याचे चाळीस प्रश्न असतात. तोंड उघडण्याचा एकही नसतो. आम्हांस तर तोंडच उघडावयाचें होतें.

गुरु लाभला तो अखेर शेजारच्या उल्हासनगरांत, पांच नंबरच्या कँपांतील एका झेरॉक्सच्या दुकानीं. उल्हासनगर ही मूळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत जागा मिळाली, आणि १९४९ सालीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. वस्त्यांना लोक अजून कँपच म्हणतात. दुकानाच्या फळीवर कोरियन अक्षरांच्या कागदांचा गठ्ठा पडला होता. चौकशी करतां दुकानदारानें पलीकडच्या गल्लींतील एका सिंधी घराकडे बोट दाखविलें. त्या घरची चोवीस वर्षांची वाणिज्य पदवीधर मुलगी मालिकांवरून आरंभ करून, मग व्याकरणाचा नेटानें अभ्यास करून, टोपिकची चौथी पायरी चढली होती. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं आनंदनगरास येण्याचें तिनें कबूल केलें.

पहिल्या दिवशीं आम्हीं तिला 'बाई' म्हटलें. ती फार संकोचली. "सर, मला बाई नका म्हणूं. माझे बाबा तुमच्यापेक्षां लहान आहेत." मग कोरियन शब्दावर तडजोड झाली. तिकडे शिक्षकास 'सॉन्सेङ्निम' म्हणतात. मूळ चिनी अक्षरांप्रमाणें त्याचा अर्थ 'आधीं जन्मलेले'. आमच्यामागून बत्तीस वर्षांनीं जन्मलेल्या मुलीस आम्ही तो शब्द लावूं लागलों. आमच्या सहधर्मचारिणीचें यावर म्हणणें पडलें कीं, हा शब्द त्या भाषेंत प्रथमच बरोबर वापरला जात असावा.

लिपीचा इतिहास मात्र आम्हांस मोहवून गेला. सेजोङ् राजानें ती १४४३ सालीं तयार केली व १४४६ सालीं प्रसिद्ध केली. तोंवर लिहिणें म्हणजे चिनी अक्षरें, आणि तीं सामान्य रयतेच्या आवांक्याबाहेरचीं. दरबारच्या पंडितांनीं १४४४ सालीं या नव्या खटाटोपास लेखी विरोध केला. आम्हां प्राध्यापकांचे ते पूर्वजच म्हणावयाचे. मूळच्या अठ्ठावीस अक्षरांपैकीं आज चोवीस उरलीं आहेत, चौदा व्यंजनें व दहा स्वर. 'क'च्या अक्षरांत जिभेचें मूळ घशाकडे उचललेलें दिसतें, 'न'मध्यें जिभेचें टोंक वर टेकलेलें, आणि 'म' म्हणजे मुखाचा सरळ चौकोन. अक्षरांची ही उपपत्ति सांगणारा मूळ ग्रंथ १९४० सालीं उजेडांत आला. वर्ण उच्चारस्थानाप्रमाणें लावण्याची ही रीत वाचतांना आम्हांस आमच्या कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य यांची आठवण झाली, आणि ती अगदींच अस्थानीं नव्हती; भारतीय वर्णविचार बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला, आणि चिनी ध्वनिशास्त्रावर त्याची छाप पडली; तेंच शास्त्र सेजोङ् राजापुढें होतें. मंदबुद्धीच्या माणसासही ही लिपि दहा दिवसांत यावी असा तिच्या कर्त्यांचा दावा होता. आम्हांस चौदा लागले.

व्याकरणांत मराठी आमच्या मदतीस धांवून आली. क्रियापद शेवटीं, शब्दयोगी प्रत्यय नामामागें, थोरांशीं बोलतांना क्रियापदास आदराचें रूप. सारा घरचाच कारभार. ज्या इंग्रजीच्या जोरावर आम्हीं पोट भरलें ती मात्र वाटेंत आडवी पडे. खरी फजिती उच्चारांत झाली. कोरियनमध्यें 'त'च्या घराण्यांत तीन भावंडें आहेत. एक आपल्या 'थ'सारखें. त्यानें मुखवटा हा शब्द होतो. दुसरें आपल्या 'त'च्या जवळचें, त्यानें मुलगी. तिसरें या दोहोंच्या मधलें, त्यानें चंद्र. मुखवटा आम्हांस पहिल्या दिवशीं आला, मुलगी दुसऱ्या दिवशीं आली. चंद्र कांहीं केल्या उगवेना. तो कधीं मुलगी होई, कधीं मुखवटा. सॉन्सेङ्निम दहा दहा वेळां तो शब्द म्हणून दाखवीत, आणि आम्ही दहा दहा वेळां चुकत असूं. तांबडी शाई ज्याच्या उत्तरावर पडते त्याच्या मनांत काय होत असेल, याचा विचार आम्हीं तीस वर्षांत एवढा केला नव्हता.

एके दिवशीं त्यांनीं विचारलें, "सर, तुम्हांला सर्वांत आधीं कोणतें वाक्य बोलायचंय?" आम्हीं सशाची हकीगत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आजोबांचीं पत्रं घरीं एका ट्रंकेंत आहेत. ते सिंधी अरबी लिपींत लिहायचे. बाबांना थोडं वाचतां येतं, मला एक अक्षर येत नाहीं. कोरियन वर्तमानपत्र मी वाचते, सर, पण आजोबांनीं माझ्या जन्माच्या वेळीं काय लिहिलंय तें मला वाचतां येत नाहीं." यावर आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं. चहा आला, आणि आम्ही दोघे पुन्हा क्रियापदांकडे वळलों.

नात्यांचे शब्द आले तेव्हां आमच्या मनास एक कांटा लागला. आजोबास 'हाराबॉजी' म्हणतात. पण आईच्या वडिलांस 'वेहाराबॉजी'. त्या 'वे'चा अर्थ बाहेरचा. आपल्याकडेही मुलगी परक्याचें धन म्हणण्याची चाल होतीच. तरी मराठीनें नातवंडांच्या तोंडीं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांस 'आजोबा' हा एकच शब्द दिला, आणि आईच्या माहेरास तर 'आजोळ' हें सबंध भाषेंतलें एक अत्यंत गोड नांव दिलें. आम्ही 'बाहेरचे आजोबा' झालों हें त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ खुपत राहिलें.

पांच महिन्यांनीं एका रविवारीं आम्हीं कन्येस मुद्दाम खोलीबाहेर जावयास सांगितलें. पाठ केलेलीं तीन वाक्यें आम्हीं म्हटलीं: ससा परत येत नाहीं, आजोबांचें चुकलें, आजोबांना वाईट वाटतें. भीतीनें तिसऱ्या वाक्यास आम्हीं दरबारी आदराचें रूप लावलें, जणूं चार वर्षांच्या मुलीपुढें वकील म्हणून उभे होतों. ती खदखदून हंसली. मग एकच शब्द म्हणाली, "आरा." म्हणजे, मला माहीत आहे. पांच महिन्यांत सशाचा उलगडा तिनें स्वतःच करून घेतला होता. आमचें प्रायश्चित्त फार उशिरां पोहोंचलें. पण तिनें तें नाकारलें नाहीं. खिडकीबाहेर बोट दाखवून ती आम्हांस तिकडील चंद्र दाखवूं लागली. आम्हीं शब्द उच्चारला, तो अर्थात् मुलगी झाला. तिनें मान हलविली, आणि तोंड मोठें उघडून तो पुन्हा म्हणून दाखविला. चार वेळां दाखविला. सॉन्सेङ्निम ही पदवी आमच्या घरांत आतां दोघींकडे आहे.

इतक्यांत तिनें आपल्या कापडी अस्वलास पडद्यासमोर आणून आमची ओळख करून दिली. 'हाराबॉजी' कळलें, त्यामागचा शब्द मात्र आम्हीं दोनदां ऐकून घेतला. तो 'वे' नव्हता, 'अंबरनाथ' होता. कन्या मागून हंसत म्हणाली, "हल्लीं इथं पुष्कळ घरांत आंतले-बाहेरचे म्हणत नाहींत, बाबा. ज्या गांवीं राहतात त्या गांवावरून आजोबा ओळखतात."

आजोळ हा शब्द नात्याचा खरा, पण तोही मुळांत एका जागेचाच शब्द आहे. चंद्र अजून आम्हांस साधलेला नाहीं. शिकवणी चालू आहे.