दाताने न तुटणारा दोरा

मला दाताने दोरा तोडता येत नाही. कधीच आला नाही. शिवताना कात्री सापडली नाही की आई दोरा दातांत धरून टचकन तोडायची. मी तसं करायला गेले की दोरा दातांच्या मधून नुसताच सरकायचा. "धांदरट आहेस अगदी," आई म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

चाळीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपलं जेवणच तसं! पोळी हाताने तोडायची, भात बोटांनी कालवायचा. पुढच्या दातांना कामच काय? पेरू मी सुरीने कापून खायचे आणि वडापाव तोंडाच्या कोपऱ्याने.

मग लेक आठ वर्षांची झाली तरी झोपेत अंगठा चोखायची. कारल्याचा रस लावून झाला, पट्टी बांधून झाली, चारचौघांत ओरडून झालं. (याची आता लाज वाटते.) पुढचे पक्के दात आले ते मध्ये खिडकी ठेवूनच. 'सरबत'चं 'थरबत' व्हायला लागलं, तेव्हा ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो.

डॉक्टरांनी तिला दात मिटायला सांगितले. दाढा टेकल्या, पुढे फट तशीच. याला ओपन बाइट म्हणतात. मग तिला पाण्याचा घोट दिला आणि गिळताना ओठ अलगद बाजूला केले. जीभ त्या फटीतून पुढे येत होती! "अंगठ्याने फट पाडली, आता जीभ ती मिटू देत नाही."

"पण गिळताना सगळ्यांचीच जीभ अशी येते ना?" मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "ताई, तुम्ही पण गिळून दाखवा बघू."

तर अशी आमची दोघींची फाईल एकाच दिवशी उघडली.

तिचं त्या मानाने सोपं होतं. वरच्या दातांच्या मागे तारेचा छोटा पिंजरा बसवला. अंगठ्याची मजा गेली, जिभेला अडसर आला. नाकाने नीट श्वास घेते ना, तेही तपासलं. कारण नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि जीभ खालीच पडून राहते. वाढत्या वयात सवय सुटली की दात बरेचदा आपणहून जवळ येतात.

माझी हाडं मात्र वाढून केव्हाच थांबलेली. हाडात बारीक स्क्रू बसवून वरच्या दाढा वर ओढायच्या. त्या मिलिमीटरभर वर गेल्या की खालचा जबडा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढची फट दोन-तीन मिलिमीटरने मिटते. दोष जबड्यातच मोठा असेल तर ऑपरेशन. आणि काहीही केलं तरी जीभ सुधारली नाही तर फट परत उघडू शकते.

म्हणून रोज रात्री आम्ही दोघी आरशासमोर उभ्या राहतो. जिभेचं टोक वरच्या दातांच्या जरा मागे, टाळूला. दाढा मिटलेल्या. घोट. माझी जीभ सारखी निसटते. लेक ओरडत नाही, नुसती बोटाने दाखवते. मला कारल्याचा रस आठवतो.

परवा आईला फोनवर सांगितलं, "मी धांदरट नव्हते गं." ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मला काय ठाऊक गं तेव्हा!"

मला तरी कुठे ठाऊक होतं!