भाकर, घास आणि उपकारस्तुती

हॉस्टेलवर देवाची आठवण ठरावीक वेळीच येते. सबमिशनच्या आदल्या रात्री, व्हायवाच्या दारात उभं असताना आणि रिझल्टचं पान मोबाईलवर उघडता उघडत नसताना! त्या वेळी आमच्या विंगमध्ये गणपती, साईबाबा, अल्ला, येशू सगळ्यांनाच एकदम कामाला लावलं जातं. रिझल्ट लागला की मात्र सगळे देव सुट्टीवर. पास झालो तर 'अभ्यासच तेवढा केला होता' आणि नापास झालो तर 'पेपरच तसा काढला होता'. मागायला आपण सगळे हजर असतो, आभार मानायला कुणीच नसतं.

आपल्या गॅदरिंगचंच बघा ना. निवेदक 'आता आभारप्रदर्शन' असं म्हणतो आणि त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत खुर्च्या सरकायला लागतात. शेवटी आभार ऐकायला स्टेजवरचे पाहुणे आणि माईकवाला एवढेच उरतात. माझ्या लेखाचा विषय दुर्दैवाने तोच आहे. म्हणून विनंती, पान उलटण्याआधी थोडं थांबा.

मी ख्रिस्ती आहे. हे कळल्यावर फर्स्ट इयरला मला हमखास तीन प्रश्न विचारले गेले. एक, तुम्ही घरी इंग्रजीत बोलता का? दोन, तू मूळची गोव्याची का? तीन, नाताळला केक आणशील ना? तिन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते. आमचं गाव नगर जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आजीच्या तोंडी अजून नगरच आहे.) घरी आम्ही मराठीच बोलतो, आणि तीही नगरी ठसक्यात. नाताळला केक असतो, पण त्याच्याआधी करंज्या, चकल्या आणि चिवड्याचे डबे भरतात. आणि मराठीशी आमचं नातं काही कालपरवाचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधून गोव्यात आलेला धर्मगुरू. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं आणि ते आहे मराठी ओव्यांमध्ये! रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं नगरशी असलेलं नातं तर सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेत फारशा न शिकलेल्या त्या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'सुद्धा पूर्ण केलं.

माझं शिक्षण मात्र कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे डबा उघडण्याआधी सगळ्या वर्गाने हात जोडून इंग्रजीत प्रार्थना म्हणायची. आम्ही ती इतक्या वेगात म्हणायचो की 'आमेन' होईपर्यंत पहिला घास तोंडात गेलेला असायचा. प्रभूच्या प्रार्थनेत जिथे 'ब्रेड' येतो तिथे माझ्या डोळ्यांसमोर बेकरीतला स्लाइस ब्रेड यायचा. संध्याकाळी घरी आले की आजी तीच प्रार्थना मराठीत म्हणायची, आणि तिथे ब्रेडच्या जागी असायची भाकर. आजीच्या पुढ्यात खरोखरच बाजरीची भाकरी असायची. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की शाळेतला देव ब्रेड देतो आणि घरचा भाकरी! जेवणाआधीच्या या प्रार्थनेला आमच्याकडे 'उपकारस्तुती' म्हणतात. मोठा शब्द आहे. पण रोज वापरला की भांड्यासारखा गुळगुळीत होतो, हातात घेतलाय हे जाणवतच नाही.

तो जाणवला सेकंड इयरला.

थर्ड सेमिस्टरच्या परीक्षेला दहा दिवस राहिले होते आणि गावाहून फोन आला. पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला होता. पप्पांचा स्वतःचा छोटा टेम्पो होता. पहाटे भाजीपाला घेऊन मार्केटला जायचं आणि दुपारी येताना मिळेल तो माल आणायचा. त्या पहाटे ते टेम्पोपर्यंत पोचलेच नाहीत, अंगणातच पडले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो आणि बहुतेकांची भाषाही त्याच भागात असते, हे मला तेव्हा वॉर्डात समजलं.

पण आणखी एक गोष्ट गेली होती, जिचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यांना गिळता येत नव्हतं.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. आम्हाला इंटरलॉक शिकवतात. म्हणजे एक व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचाच नाही, नाहीतर प्लांटमध्ये अपघात होतो. गिळणं म्हणजे नेमकं तेच! घास घशापाशी आला की श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं, मग अन्ननलिकेचा रस्ता उघडतो आणि घास खाली गेला की श्वास पुन्हा सुरू. ही सगळी सीक्वेन्स जिभेचे आणि घशाचे कितीतरी स्नायू सेकंदाच्या आत पार पाडतात. आपण मात्र त्या वेळी मेसच्या भाजीला नावं ठेवत असतो. हा इंटरलॉक बिघडला की अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून पप्पांच्या नाकातून पोटात नळी घातली होती. दर दोन-तीन तासांनी आई गाळलेली पेज किंवा दूध मोठ्या सिरिंजने त्या नळीतून घालायची.

आणि दर वेळी, सिरिंज लावण्याआधी, आई डोळे मिटून उपकारस्तुती म्हणायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला ते सहन होईना. मी विचारलं, "आई, आता कशाबद्दल आभार? ह्याच्याबद्दल?" आईने आधी शांतपणे पेज संपवली, नळीत पाणी घातलं, टोपण लावलं. मग म्हणाली, "आजाराबद्दल नाही गं म्हणत मी. आजाराबद्दल तर रोज भांडतेय त्याच्याशी. पण हे आहेत, पेज आहे, तू आलीस. ते आहे तर आहे म्हणायला नको का?"

आईचं शिक्षण दहावीपर्यंत. पण त्या एका उत्तराने माझ्या डोक्यातली गाठ सुटली. नंतर मी बायबल उघडून बघितलं. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ. स. ५० च्या सुमाराचं, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. त्याच्या शेवटी तो आभार मानायला सांगतो ते प्रत्येक परिस्थिती'त', प्रत्येक परिस्थिती'बद्दल' नाही. एका प्रत्ययाचा फरक! पण त्या फरकात सगळा धर्म बसतो असं मला वाटतं. 'बद्दल' म्हटलं तर झटक्याचेही आभार मानावे लागतील, आणि ते खोटं होईल. 'त' म्हटलं तर झटक्याच्या मध्यभागी उभं राहूनही जे शिल्लक आहे ते मोजता येतं. आणि हे लिहिणारा पौल काही एसी रूममध्ये बसलेला नव्हता. त्याच्या थोडंच आधी फिलिप्पैमध्ये त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. आईच्या भांडण्यालाही बायबलमध्ये जागा आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळ सरळ देवाकडे केलेल्या तक्रारीच आहेत. तक्रार करणं म्हणजे विश्वास संपणं नव्हे. जो समोर आहे असं वाटतं त्याच्याशीच माणूस भांडतो.

अकराव्या दिवशी थेरपिस्ट मॅडमनी पप्पांना बसवून चमच्याने खायला देऊन बघितलं. मला वाटलं होतं आधी पाणी देतील, ते सगळ्यात सोपं. पण पाणी पटकन घसरतं, म्हणून तेच सगळ्यात अवघड असतं. आधी दाट पदार्थ द्यायचा. आईने रव्याची घट्ट लापशी आणली होती. अर्धा चमचा. पप्पांनी तो बराच वेळ तोंडात धरला, हनुवटी खाली केली आणि घशाची घाटी वर जाऊन खाली आली. खोकला आला नाही. आम्ही दोघी त्या घाटीकडे अशा बघत होतो की जणू शेवटच्या बॉलवर सहा रन हवे आहेत! त्या दिवशी उपकारस्तुती मी म्हटली. भाकर हा शब्द आला तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की आजवर मी फक्त भाकरी मागत होते. ती गिळता येणं हे मागायचं कधी सुचलंच नव्हतं आणि ते न मागता रोज मिळत होतं.

सगळं छान झालं असं मात्र सांगता येणार नाही. पप्पा आता काठी घेऊन चालतात, बोलतात तुटक तुटक. उजवा हात अजून साथ देत नाही. टेम्पो विकावा लागला. मामाचं म्हणणं पडलं की पोरीला परत बोलवा, जवळपास कुठेतरी कामाला लावा. त्याचं चुकत होतं असंही नाही, आईच्या शिलाईवर घर चाललं होतं. आई म्हणाली, "ह्यांना विचारू. बोलता येत नसलं तरी कळतंय सगळं." विचारलं तेव्हा पप्पांनी मान जोरात हलवून 'नाही' म्हटलं आणि डाव्या हाताने खुंटीवरच्या माझ्या कॉलेजच्या बॅगेकडे बोट दाखवलं. विषय संपला.

मग शैक्षणिक कर्जाचा फॉर्म आला. बँकेतले साहेब म्हणाले, अंगठा चालेल. पप्पांना ते चाललं नाही. माझ्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर त्यांनी तीन आठवडे डाव्या हाताने सही गिरवली. ती सही वाकडी आहे, पण त्या सहीवर मी आज थर्ड इयरला बसले आहे.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. पूर्वी मी तिथे झोपलेली असायचे, आता जागी असते. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. दुःख संपल्यावर आभार मानू असं त्यांनी ठरवलं असतं तर त्यांना कधी वेळच मिळाला नसता!

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण बरे होतात, पण आभार मानायला परत येतो एकटाच, आणि तोही परका, शोमरोनी. दहा टक्के रिझल्ट! बाकीचे नऊ वाईट होते असं मला वाटत नाही. त्यांना घरी जायची घाई असेल. मला त्या गोष्टीत आवडतं ते एवढंच की तो एक जण वाट वळून मागे चालत आला. आभार मनातल्या मनात मानून भागत नाही, त्यासाठी थोडं मागे चालावं लागतं.

म्हणून परत आल्यावर मीही जरा मागे चालले. मी नसताना जिने माझ्यासाठी प्रत्येक लेक्चरच्या नोट्स झिरॉक्स करून ठेवल्या होत्या ती माझी रूममेट मुस्लिम आहे. पप्पांसाठी तिने रोज दुवा मागितली होती, हे मला तिच्या आईकडून कळलं. रेक्टर मॅडमनी फी भरायला मुदत मिळवून दिली होती. आणि रात्री साडेअकराला बसस्टँडवरून भुकेली आले तेव्हा मेसच्या मावशींनी माझ्यासाठी दोन पोळ्या आणि भाजी झाकून ठेवली होती. मी त्यांना जाऊन सांगितलं, "मावशी, त्या दिवशीच्या पोळ्यांबद्दल आभार मानायचे होते." मावशी लाटणं थांबवून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पोळ्याच तर ठेवल्या. येडी कुठली!" पण दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात गरम पोळी आली, हेही सांगितलंच पाहिजे.

माझा देव तुमचा असलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला तो चमत्कारात भेटला नाही. नळीतल्या पेजेत, अर्ध्या चमच्यात आणि झाकून ठेवलेल्या पोळीत भेटला. तुम्हाला तो आणखी कुठे भेटत असेल. फक्त आज रात्री मेसमध्ये भाजीला नावं ठेवण्याआधी पहिला घास जरा लक्ष देऊन गिळा. तो नीट खाली गेला ना? मग कुणाचे तरी आभार माना. निदान मावशींचे तरी!